सूपभर धान, ओंजळभर उपकारस्तुती

आपल्या झाडीपट्टीत 'थँक्यू' म्हणायची पद्धतच नाही. शेजारणीने अंबाडीची भाजी पाठवली तर आपण "कायले त्रास घेतला वो बाई" म्हणतो आणि वाटी ठेवून घेतो. ती वाटी मात्र रिकामी परत जात नाही. दोन लिंबं, चमचाभर साखर, घरात काहीच नसलं तर मूठभर तांदूळ घालून जाते. आपले आभार असे वाटीतून जातात, तोंडातून नाही. उद्या कुणी जावेला किंवा सुनेला तोंडावर "मी तुझी आभारी आहे" असं म्हटलं, तर ती आधी घाबरेल, मग विचारेल, "काहून, मी परकी झाली का?"

म्हणूनच आमच्या एका ख्रिस्ती शेजारणीने पहिल्यांदा "मंगळवारी सायंकाळी घरी उपकारस्तुती आहे, नक्की या" असं बोलावणं केलं, तेव्हा मला त्या शब्दाचीच गंमत वाटली. उपकार आणि स्तुती! पूजा नाही, भजन नाही, वाढदिवस नाही. मग काय असतं त्यात? ब्रह्मपुरीत 'ख्रिस्तानंद' म्हटलं की सगळ्यांना दवाखाना आठवतो आणि डिसेंबरात तारे लटकलेली घरं दिसतात. पण या मोजक्या घरांमध्ये वर्षभर जे चालतं, त्याची आपल्याला फारशी माहिती नसते. मैत्रिणींनो, आज त्याबद्दलच थोडं सांगायचंय.

उपकारस्तुतीला मोठा थाटमाट लागत नाही. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची, गुडघेदुखीवाल्यांसाठी चार खुर्च्या शेजारून आणायच्या. मग 'उपासना संगीत' नावाच्या पुस्तकातून गाणी. ढोलकी आणि टाळ असतात, चालही अभंगाची असते, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला इथे भजनच चाललंय असं वाटावं. त्यात नवल नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी आणि अभंग काही सोडले नाहीत. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस देवाचे आभार मानतो ते तुकोबांच्या छंदात!

गाण्यांनंतर बायबलचं वाचन, मग प्रार्थना, आणि मग येते 'साक्ष'. कोर्टातली साक्ष नव्हे हो! ज्या घरी सभा असते त्या घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा घरची बाईच, उठून उभी राहते आणि ही सभा कशासाठी ठेवली ते सगळ्यांसमोर सांगते. मुलगी नर्सिंगला लागली. नवऱ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरावर स्लॅब पडला. सून सुखरूप बाळंत झाली. पण नुसतं "मुलगी नर्सिंगला लागली" एवढंच सांगून कुणी बसत नाही. पहिल्या वर्षी नंबर कसा हुकला, फीसाठी कानातले कसे मोडले, कोण मदतीला धावलं, कोण धावलं नाही (हेही हळूच येतंच!), सगळं सांगतात. ऐकणाऱ्या बायका मधूनच हुंकार देतात, एखादी पदराने डोळे टिपते. मग सगळे मिळून आभाराची प्रार्थना करतात. शेवटी चहा, चिवडा, एखादं केळं.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की आभार एकटीने देव्हाऱ्यासमोर पुटपुटून संपवत नाहीत. ते दहा जणांसमोर मोठ्याने सांगावे लागतात आणि दहा जणांना ते आपले म्हणून घ्यावे लागतात. माझ्या घरी आनंद झाला तर तुझ्या तोंडून देवाचे आभार यायला हवेत. वाचायला हे सोपं वाटतं. पण ज्या शेजारणीचा मुलगा त्याच परीक्षेत नापास झालाय, तीही त्याच सतरंजीवर बसलेली असते!

हे काही आजचं नाही. कॅथलिक लोक ज्याला मिस्सा म्हणतात आणि प्रोटेस्टंट ज्याला प्रभुभोजन म्हणतात, त्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीचं जुनं ग्रीक नाव आहे 'युखारिस्तिया'. अर्थ काय, तर आभार मानणं. आजही ग्रीसमध्ये भाजीवाल्याने भाजी दिली की गिऱ्हाईक त्याच शब्दाच्या भावंडाने, 'एफखारिस्तो' म्हणून, आभार मानतं. म्हणजे या धर्माची जी सगळ्यात मोठी उपासना, तिचं नावच 'थँक्यू' आहे. आणि ती एकट्याने करायची नसते, ती पंगत असते.

आता थोडं शेताकडे जाऊ या. ब्रह्मपुरी म्हणजे धान. रोवणीला पऱ्हे उपटून कंबर मोडायची, कापणीला पुन्हा कंबर मोडायची, मग पुंजणे रचायचे आणि चुरणा होईपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं. नवं धान आल्यावर आधी देवाला दाखवायचं आणि मग आपण खायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गोंड बांधवांच्या घरी नवं खाण्याचा सण असतो, बाकीच्यांच्या घरी आपापल्या रीतीने असतं. ख्रिस्ती मंडळींचं नवं म्हणजे कापणीचा सण, ज्याला चर्चमधली माणसं सर्रास 'हार्वेस्ट फेस्टिव्हल' म्हणतात. त्या रविवारी चर्चची वेदी ओळखू येत नाही. सूपभर धान, लाखोळीची डाळ, भोपळे, वांगी, केळीचा घड, अंडी, कुणाची पाय बांधलेली कोंबडी! ज्याच्याकडे शेत नाही ती बाई घरी केलेल्या करंज्या आणते, शाळेतला मास्तर पगारातलं पाकीट आणतो.

उपासना संपली की बाहेर अंगणात लिलाव. खरी धमाल तीच. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो पुन्हा लिलावाला परत देतो, मग तोच भोपळा आणखी दीडशेला! आलेला पैसा चर्चच्या कामाला आणि गरजूंना. मुलांना तर नाताळाइतकीच या दिवसाची ओढ असते.

या सणाचं आजचं रूप आलं इंग्लंडहून. १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी गावकऱ्यांना कापणीचे आभार मानायला चर्चमध्ये बोलावलं आणि बघता बघता ती रीत सगळीकडे पसरली. आपल्या भागात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं चांदा मिशन आलं. पुढे १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने चांदा हे आपलं कामाचं क्षेत्र केलं, १९७७ मध्ये त्याचं धर्मप्रांत झालं आणि बल्लारपूर हे त्याचं ठाणं. स्कॉटलंड आणि केरळ, दोन्हीकडची माणसं शेवटी आपल्या धानाच्या बांधीवर येऊन आभार मानायला लागली! मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांमध्ये ऑक्टोबरात 'आगेरा' असतो, भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. गोव्यात ऑगस्टमध्येच कणसांचं फेस्त सुरू होतं.

आणि अमेरिकेतल्या आपल्या भाच्या-पुतण्या फोनवर ज्या 'थँक्सगिव्हिंग'ची सुटी सांगतात, तिच्यामागे एक बाई आहे, हे किती जणींना माहीत असेल? सारा जोसेफा हेल. 'मेरी हॅड अ लिटल लँब' ही शाळेत सगळ्यांनी घोकलेली कविता तिचीच. ती बायकांच्या मासिकाची संपादिका होती आणि आभाराचा एक दिवस साऱ्या देशाने एकत्र पाळावा म्हणून ती वर्षानुवर्षं लिहीत राहिली, राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवत राहिली. शेवटी १८६३ साली लिंकनने ते ऐकलं. तेव्हा देशात यादवी युद्ध चाललं होतं, घरोघरी मुलगे मरत होते. बायकांच्या पानावर काय लिहून होतं, असं विचारणाऱ्यांना हे नक्की सांगा!

पण आभाराचा प्रश्न खरा अवघड होतो तो सूप रिकामं असतं तेव्हा.

ऑगस्ट २०२०च्या शेवटी गोसीखुर्दचं पाणी सोडलं आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी तालुक्यातल्या किती गावांची दैना केली, ते आपण विसरलेलो नाही. उभं धान पाण्याखाली सडलं. त्या वर्षी कशाचे आभार मानायचे? उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी पहाटे जंगलात गेलेली बाई वाघाच्या तावडीत सापडते, त्या घरात कुणी उपकारस्तुतीचं नाव तरी कसं काढावं? एका सभेत मी हे ऐकलं आहे. साक्षी चालल्या होत्या आणि मागच्या रांगेतली एक बाई बसल्या जागेवरूनच बोलली, "मले का भेटलं म्हणून आभार मानू?" क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, आता कुणीतरी उपदेश सुरू करणार. पण पाळकबाई उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू नको मानू. आज आम्ही मानतो. तू नुसती बस."

हे उत्तर त्यांनी कुठून आणलं, ते मला नंतर बायबलमधली रूथची गोष्ट वाचताना समजलं. चारच छोट्या अध्यायांची गोष्ट आहे आणि आपल्या धानपट्ट्यातल्या बाईला तर ती फारच ओळखीची वाटेल. दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलगे घेऊन परमुलखात, मवाबात गेली. तिथे नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. राहिल्या दोन विधवा सुना. एक माहेरी परतली. दुसरी, रूथ, सासूला सोडेना. दोघी गावी परत आल्या तेव्हा गावच्या बायका म्हणाल्या, ही नामीच का? तर ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड आणि मारा म्हणजे कडू. भरली गेले होते, देवाने रिकामी आणलं, असं ती सगळ्यांसमोर बोलली. देवाच्या नावाने तक्रार! आणि गावाने तिला गप्प केलं नाही.

मग रूथ काय करते? सरवा वेचायला जाते. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणं हे कुणाचं काम, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्यांची स्वतःची बांधी नाही त्यांचं. त्या लोकांचा कायदाच होता की शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत, पडलेली कणसं उचलू नयेत, ती विधवेसाठी, अनाथासाठी, परक्यासाठी राहू द्यावीत. त्या शेताचा मालक बवाज तर आपल्या माणसांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गाळत चला. (आपल्याकडेही जुन्या बाया सांगतात की सरव्यावर फार नजर ठेवणाऱ्या मालकाची ढोली भरत नाही.) पुढे रूथचं त्या बवाजशी लग्न होतं, मुलगा होतो. आता गंमत बघा. मुलगा झाल्यावर नामी आभार मानते का? गोष्टीत तिच्या तोंडी एक शब्दही नाही. ती फक्त बाळाला उराशी घेते. आभार मानतात त्या गावच्या बायका! तिच्या वतीने. बाळाचं नावसुद्धा शेजारणीच ठेवतात, ओबेद. पुढे दावीद राजाचा हा आजोबा.

ज्या बाईची जीभ दुःखाने जड झालीय तिचे आभार शेजारणींनी उचलायचे, ही रीत त्या गोष्टीत आधीपासूनच आहे.

आपल्या मराठी मुलखात याचं सगळ्यात मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेले. भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. ते ऐकून रमाबाईंना राहवलं नाही. स्वतः त्या भागात फिरल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला जे उभं राहिलं ते 'मुक्ती'. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. विहिरी खणल्या, फळबाग लावली, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळं मुलींच्या हातांनी चाललं.

त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. भाकरीसाठी धर्म बदलला, असं या मुलींबद्दल बोललं गेलं. आजही खेड्यात कुणा ख्रिस्ती मुलीला हा टोमणा ऐकावा लागतो. मला मात्र वाटतं, ज्याने कधी उपास काढलेला नाही, त्याने दुसऱ्याच्या भाकरीचा हिशेब करू नये. दुष्काळातून उचलून आणलेली पोर ताटावर बसल्यावर हात जोडते, ते कुणाच्या शिकवण्याने की भुकेच्या आठवणीने, हे बाहेरच्याने कसं ठरवावं? रमाबाईंनी १९०७ साली स्वतःच्या आयुष्याची साक्ष लिहिली. तीही थेट आभाराने सुरू होत नाही. आधी आईवडिलांबरोबरची तीर्थयात्रा, उपासमार, सगळं येतं. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात पहिल्या पिकाची टोपली देवासमोर ठेवण्याचा जो विधी आहे, त्यातही हाच क्रम सांगितलाय. टोपली आणणाऱ्याने आधी पूर्वजांची कहाणी म्हणायची, आपण कसे भटके होतो, कसे गुलाम होतो. मग टोपली. आणि मग घरात आलेल्या परक्यासकट सगळ्यांनी मिळून आनंद करायचा.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. आभाराचं हत्यार बायकांवर फार सहज चालवलं जातं. नवरा मारतो? अगं, निदान सांभाळतो तरी, देवाचे आभार मान. मुलगीच झाली? धडधाकट आहे ना, आभार मान. अशा आभारांना काही अर्थ नाही, मग ते कुठल्याही धर्माच्या नावाने सांगितलेले असोत. ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या दीडशे स्तोत्रांपैकी सगळ्यात जास्त स्तोत्रं रडण्याची, गाऱ्हाण्याची आहेत. एका निवृत्त नर्स मावशींनी मला फार छान समजावलं. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सगळ्या परिस्थितीत आभार माना, असं लिहिलंय, त्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्या परिस्थितीत, बाळा. परिस्थितीबद्दल नाही. पुरात माणूस बुडाला तर पुराबद्दल आभार मानायचे नसतात. डोंगा घेऊन आला त्याच्याबद्दल मानायचे. आणि पाणी का सोडलं, ते विचारायला तहसीलीत पण जायचं."

जेवणाचंही असंच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा, नवरा ख्रिस्ती झाल्यावर या बाईने किती दिवस सोवळं सांभाळलं, दुसऱ्याच्या हातचं पाणी चालेना. मग एके दिवशी जातपात माणसानेच केलेली आहे असं मनाला पटलं आणि त्या कुणाच्याही हातचं खायला लागल्या. तेही १९०० साली बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच! उपकारस्तुतीनंतर जे 'प्रीतिभोजन' असतं, त्यात कुणाच्या शेजारी कोण बसलंय याचा विचार केला की लक्ष्मीबाईंची आठवण येते. त्यांच्या घरांतूनही जात पुरती गेलीय असं नाही. लग्न जुळवताना ती दाराआडून डोकावतेच, हे त्याच बाया खाजगीत सांगतात. पण सतरंजी एक, भाताचं पातेलं एक, एवढं तरी दर महिन्याला घडतं.

मानसशास्त्रवाल्यांनीही आता हे तपासलंय. २००३ मध्ये एमन्स आणि मॅकला या दोन अमेरिकन संशोधकांनी काही जणांना आठवडाभरातल्या आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला सांगितल्या. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं. त्यानंतर आभाराच्या वह्यांचं पेवच फुटलं. पण वही एकटीची असते. आमच्या नर्स मावशी म्हणतात तसं, वहीला हुंकार देता येत नाही.

हे सगळं पाहून आमच्या बचत गटात आम्ही एक प्रयोग सुरू केलाय. गटात सगळ्या धर्मा-जातीच्या बाया, त्यामुळे प्रार्थना ज्याची त्याची. हप्ते गोळा करायच्या आधी प्रत्येकीने महिन्यातली एक चांगली गोष्ट सांगायची, आणि ती कुणामुळे झाली तेही सांगायचं. नाव घेऊन. पहिल्या महिन्यात नुसती हसाहशी झाली. एकीने "गॅस वेळेवर आला" एवढंच सांगितलं. दुसऱ्या महिन्यात एक जण म्हणाली, "रोज सांजेले मोठा पोरगा जंगलातून घरी येते, एवढंच." मग कुणी हसलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका सासूने सुनेचं नाव घेतलं. सून समोरच बसली होती, तिला काय करावं सुचेना, ती उठून सरळ चहा ठेवायला गेली!

ज्यांना काही सांगायचं नसेल त्यांच्यासाठी पाळकबाईंचाच नियम ठेवलाय, नुसतं बसायचं. गेल्या वेळी दोघी नुसत्याच बसल्या होत्या. पुढची बैठक चुरणा उरकल्यावर, दुसऱ्या शनिवारी आहे. नव्या तांदळाची खीर कुणाकडे करायची, एवढंच ठरायचं राहिलंय.